नाशिकमध्ये डॉक्टर इक्सीच करा म्हणतात, पण मिस्टरांचा वीर्याचा रिपोर्ट नॉर्मल आहे. साधं आयव्हीएफ चालेल का?

हो ताई, रिपोर्ट नॉर्मल असेल तर सहसा साधं आयव्हीएफ चालेल. त्यात लॅबमध्ये स्त्रीबीज आणि शुक्राणू एकत्र ठेवतात, फलन आपोआप होतं. इक्सीत एकच शुक्राणू बारीक सुईने थेट स्त्रीबीजात सोडतात. १९९२ मध्ये ती पुढे आली ती शुक्राणू फार कमी किंवा मंद असणाऱ्यांसाठी. शुक्राणूंची संख्या आणि हालचाल चांगली असलेल्या १,०६४ जोडप्यांवर व्हिएतनाममध्ये चाचणी झाली (लॅन्सेट हे वैद्यकीय नियतकालिक, २०२१). मूल होण्याचं प्रमाण इक्सीने वाढलं नाही. खर्च मात्र वाढतो. मी इथेच आयव्हीएफ लॅबमध्ये काम करते, हे रोज समजावते. पण आधीच्या सायकलमध्ये (उपचाराच्या फेरीत) स्त्रीबीजं फलितच झाली नसतील किंवा गोठवलेली स्त्रीबीजं वापरायची असतील, तर इक्सीच सहसा योग्य. 'आमच्या बाबतीत इक्सी कशासाठी?' हे डॉक्टरांना नि:संकोच विचारा.