शिजवल्याने कोणती विषद्रव्ये जातात आणि कोणती राहतात

हिरवट पडलेल्या बटाट्याचे कोंब काढून तो नीट उकडला तर चालेल का, आणि शिजवल्यावर नैसर्गिक विषद्रव्ये नाहीशी होतातच ना, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'सर्वच नाही' असे आहे, आणि पहिल्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे.

बटाट्याचा हिरवा रंग हरितद्रव्याचा असतो व तो स्वतः निरुपद्रवी आहे. परंतु ज्या उजेडाने तो येतो, त्याच उजेडात सालीलगत सोलॅनिन आणि चॅकोनिन ही विषारी द्रव्येही वाढतात, आणि ती उकडून फारशी कमी होत नाहीत. डाग लहान असेल तर कोंब, 'डोळे' आणि हिरवा भाग खोलवर कापून टाकावा. बटाटा बराच हिरवा, सुरकुतलेला किंवा चवीला कडू असेल तर तो खाऊच नये. काकडी आणि भोपळ्याच्या वर्गातील फळांनाही कडूपणाचा हाच नियम लावावा. एरवी कडू नसणारे फळ कडू लागले, तर पहिलाच घास थुंकून टाकावा.

राजम्याचे मात्र उलट आहे. त्यातील लेक्टिन हे विषारी प्रथिन उष्णतेने नष्ट होते, पण त्यासाठी खळखळून उकळी लागते. किमान 5 तास भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात तो अर्धा तास उकळावा. मंद आचेच्या विद्युत भांड्यात तापमान पुरेसे चढेलच असे नसल्याने दाणा मऊ होऊनही विष उरू शकते, म्हणून मऊपणा ही खूण मानू नये.

मला सर्वाधिक काळजी वाटते ती बुरशीची, कारण तिच्या विषाला चव किंवा वास असेलच असे नाही. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीमुळे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा शोध लागला. ते भाजल्याने पूर्णपणे जात नाही व यकृताच्या कर्करोगाला कारणीभूत ठरते. त्यामुळे बुरशी लागलेले, सुरकुतलेले किंवा रंग बदललेले दाणे सरळ टाकून द्यावेत आणि चांगले दाणे कोरड्या जागी ठेवावेत.

रानातली अळंबी जाणकाराने ओळखल्याशिवाय कधीही खाऊ नयेत. काही घातक जातींचे विष शिजवूनही टिकते, त्रास सहा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा सुरू होतो, आणि मध्येच बरे वाटू लागले तरी आत यकृताची हानी चालूच असते. शंका आल्यास लक्षणांची वाट न पाहता, उरलेले अन्न सोबत घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे आणि वैद्यकीय सल्ल्याशिवाय उलटी करवू नये.