अँटीव्हायरस गप्प, पण पॉवरशेल चाललं: नेमकं काय तपासावं?

तुमची अडचण अशी: म्हापशाच्या ऑफिसात चाळीसेक विंडोज कॉम्प्युटर आहेत. पॉवरशेल हे विंडोजमधलं कमांड चालवायचं साधन. त्यातल्या लपवून लिहिलेल्या कमांड पकडायला तुम्ही संशयास्पद शब्दांची यादी केलीत, तरी एक कमांड निसटलीच.

ती यादी वाढवत बसू नका. मी दोन वर्षं तेच करत होतो. 'डाउनलोडस्ट्रिंग' (इंटरनेटवरून मजकूर उतरवणारी आज्ञा) शोधायला जावं तर हल्लेखोर तो शब्द दोन तुकड्यांत तोडून मध्ये अधिकचं चिन्ह घालतो. सीएमडीत, म्हणजे विंडोजच्या जुन्या कमांड खिडकीत, अक्षरांमध्ये कॅरेट (^) पेरतो, पॉवरशेलमध्ये बॅकटिक (`). कमांड व्यवस्थित चालते आणि यादीला काहीच सापडत नाही. पण एका ओळीत वीस कॅरेट कुठला शहाणा अ‍ॅडमिन टाकतो? म्हणून शब्द सोडा आणि ओळीची लांबी, चिन्हांचं प्रमाण, अक्षरांची सरमिसळ मोजा. डॅनियल बोहॅनन आणि ली होम्स यांनी २०१७ साली आणलेलं 'रिव्होक-ऑब्फस्केशन' हे साधन याच वाटेने जातं.

आता एक उदाहरण. कळंगुटच्या एका हॉटेलात, ऐन डिसेंबरात, रिसेप्शनवरच्या कॉम्प्युटरवर सिसमॉन या मायक्रोसॉफ्टच्या नोंदी ठेवणाऱ्या साधनाच्या नोंद क्रमांक १ मध्ये (नवा प्रोग्राम सुरू झाल्याची नोंद) मला एक ओळ दिसली: पॉवरशेल, पुढे नुसतं '-ई', आणि मग लांबलचक अक्षरांचा गठ्ठा. '-एन्कोडेडकमांड' (पुढची कमांड सांकेतिक रूपात आहे असं सांगणारा पर्याय) पूर्ण लिहावं लागत नाही, '-ई' किंवा '-एन्क'ही चालतं, हे नियम लिहिताना विसरू नका. त्या गठ्ठ्यात जिकडेतिकडे कॅपिटल 'ए' होता. कारण सोपं आहे. पॉवरशेलला इथे यूटीएफ-१६ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) मधला मजकूर बेस६४ (बाइट साध्या अक्षरांत लिहायची पद्धत) करून लागतो. त्यात प्रत्येक इंग्रजी अक्षरामागे एक शून्य बाइट येतो आणि ती शून्यं 'ए' होऊन उमटतात. 'आयईएक्स' (मिळालेला मजकूर कमांड म्हणून चालवणारी आज्ञा) ही तीन अक्षरं तिथे 'एस-क्यू-बी-एफ-ए-एफ-जी-ए' अशी दिसतात. एकदा नजर बसली की लांबूनही ओळखू येतं.

त्या दिवशी माझा इशारा देणारा नियम मात्र वाजला नव्हता, कारण तो वर्डने पॉवरशेल सुरू करण्याची वाट पाहत होता. इथे पालक प्रोसेस, म्हणजे पॉवरशेल सुरू करणारा प्रोग्राम, होता एक्सप्लोरर (विंडोजचा डेस्कटॉप). पाहुण्याच्या तक्रारीचा मेल आला, लिंकवर 'मी रोबो नाही' असं खोटं पान उघडलं, आणि त्या पानाने रिसेप्शनवरच्या मुलीला विंडोज आणि आर, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर दाबायला सांगितलं. तिने स्वतःच्या हाताने कमांड चालवली. तिला कुणी दोष देऊ नये, पर्यटकांची रांग समोर असताना कुणीही दाबलं असतं. रनच्या खिडकीत टाकलेला मजकूर रजिस्ट्रीत 'रनएमआरयू'खाली राहतो. तुमच्याकडे तो आधी बघा.

सगळ्यात मोठा आधार म्हणजे स्क्रिप्ट ब्लॉक लॉगिंग (पॉवरशेल जो मजकूर चालवतं तो नोंदवणं), नोंद क्रमांक ४१०४. पॉवरशेल ५ पासून ते आहे, ग्रुप पॉलिसीतून (सगळ्या कॉम्प्युटरना एकत्र लागू होणाऱ्या सेटिंगमधून) चालू करा. बाहेरचं वेष्टन उलगडून आतला मजकूर इंजिनकडे चालवायला गेला, की तो नवा ब्लॉक म्हणून नोंदला जातो. बाहेरच्या ब्लॉकमधली तोडमोड तशीच दिसेल, घाबरू नका, पुढची नोंद वाचा. मोठी स्क्रिप्ट अनेक नोंदींत विभागली जाते, तीही जोडून बघा. स्क्रिप्टमध्ये लिहिलेले पासवर्डही इथे उघडे दिसतात, त्यामुळे हे लॉग कोण वाचू शकतं ते ठरवा. लॉगचा आकार वाढवा आणि नोंदी दुसऱ्या मशीनवर पाठवा. कमांड लाइनसाठी विंडोजची स्वतःची प्रोसेस सुरू झाल्याची नोंद ४६८८ वापरत असाल तर प्रोसेसच्या नोंदीत कमांड लाइन घेण्याची पॉलिसी वेगळी चालू करावी लागते. हे बरेच जण विसरतात.

पॉवरशेल २ चं जुनं इंजिन बंद करा. त्यात ४१०४ नाही आणि अ‍ॅम्सीही (स्क्रिप्ट चालण्याआधी अँटीव्हायरसला दाखवणारी सोय) नाही, म्हणून हल्लेखोर मुद्दाम 'व्हर्जन २' मागतो. पॉवरशेल सुरू झाल्याच्या नोंद ४०० मध्ये इंजिनचा आकडा २ दिसला तर लगेच चौकशी करा.

खोट्या इशाऱ्यांचा त्रास होईलच. अ‍ॅन्सिबलसारखी, अनेक मशीन एकदम सांभाळणारी साधनंही एन्कोडेड कमांडच पाठवतात. पहिले पंधरा दिवस काहीही ब्लॉक न करता फक्त आपल्या घरच्या ओळी गोळा करा, आणि सूट देताना पालक प्रोसेस आणि खातं दोन्ही जुळवून द्या. नुसत्या नावावर दिलेली सूट पुढे त्रास देते.

आणि निसटलेली ती कमांड ज्या मशीनवर चालली, ते आधी नेटवर्कवरून काढा, पण बंद करू नका, मेमरीतला पुरावा जाईल. त्यावर वापरलेले सगळे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. घटना कळल्यापासून सर्ट-इनला (सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला) कळवायला सहाच तास असतात, २०२२ च्या निर्देशांप्रमाणे. तेव्हा उरलेली तपासणी त्यानंतर करा.