टाइल हिरवीगार आणि आकडा कमी? आधी फिल्टरपेपर बघा

नाला नदीला मिळतो त्याच्या वर आणि खाली, शेवाळ मोजायला तुम्ही पाण्यात टाइल ठेवल्यात; खालच्या टाइलांवर शेवाळ दाट, तरी क्लोरोफिलचा (शेवाळातल्या हिरव्या रंगद्रव्याचा) आकडा वरच्यांपेक्षा कमी, हे तुमचं वाचलं आणि पुण्याच्या मुठा नदीतला आमचा उन्हाळा आठवला. आमचंही डिट्टो हेच. 'म्हणजे नाल्यातून शेवाळाला पोसणारं नायट्रेट-फॉस्फेट येतच नाही' असं लिहायलाही बसलो होतो!

झालं असं. टाइलांवरचं शेवाळ खरवडून फिल्टरपेपरवर गाळलं. वरचे नमुने सोमवारी लॅबला दिले, ते लगेच तपासले गेले. खालचे दिले शुक्रवारी दुपारी. शनिवार-रविवार सुट्टी, पुढे साहेब रजेवर. बुधवारी गेलो तर आमच्या पेट्री डिश खिडकीपाशी उन्हात. देताना गर्द हिरवे असलेले फिल्टरपेपर खाकी पडलेले, लिंबाच्या लोणच्यातल्या मिरचीसारखे. रसायन तेच: क्लोरोफिलमधला मॅग्नेशियम निघून जातो, फिओफायटिन हे खाकी रंगद्रव्य उरतं. वर उन्हाने रंग उडतो तो वेगळाच. कुणाला काही विचारलं की एकच उत्तर, 'रिपोर्ट मिळेल ना.' मिळाला. त्यात एक आकडा, बाकी काही नाही.

पण फॉइल न गुंडाळता पारदर्शक डिश हातात देणारे आम्हीच, हेही खरं.

तुमच्या लॅबला एवढंच विचारा: आम्ल टाकण्याआधीचं आणि नंतरचं, दोन्ही रीडिंग घेतलंत का? आम्लाने शाबूत क्लोरोफिलचं फिओफायटिन होतं आणि रीडिंग उतरतं; ते आधीच झालेलं असेल तर फरक पडत नाही. म्हणून त्यांचं गुणोत्तर १.७ च्या आसपास असेल तर क्लोरोफिल शाबूत. १ कडे झुकलं असेल तर तो आकडा विसरा. दुसरं रीडिंग घेतच नसतील तर माझ्या मते तिथे पैसे घालवू नका, एखाद्या कॉलेजचा वनस्पतिशास्त्र विभाग परवडला. नमुने फॉइलमध्ये, बर्फावर न्या, लगेच गोठवा आणि वरचे-खालचे एकाच दिवशी तपासून घ्या.

मी रसायनवाला नाही, तुमची जागाही पाहिलेली नाही. पुलाची सावली किंवा टाइल चरणाऱ्या गोगलगायी असतील तर आकडा खरोखरच कमी येईल. आणि पाण्यात आधीच पोषकद्रव्यांचा भडिमार असेल तर नाल्याने आणखी ओतलं तरी शेवाळ वाढत नाही, हेही ध्यानात असू द्या.

आणि हो, टाइल वायरने बांधा, सुतळीने नको. खडकवासला धरणातून पाणी सोडलं त्या रात्री आमच्या सहा गेल्या.