लाल गोळी दिली, पण पोटात गेली का?

प्रिय मुलीस,

अनेक आशीर्वाद.

गरोदर स्त्रियांना न चुकता लोहाच्या गोळ्या पोहोचवूनही त्यांचे हिमोग्लोबिन का वाढत नाही, असे तू विचारले आहेस. आशा स्वयंसेविका म्हणून कामाला लागल्यावर इतक्या लवकर तुला हा प्रश्न पडला याचे मला बरे वाटले, कारण बहुतेकींचे लक्ष गोळ्या वाटल्याच्या नोंदीपाशीच थांबते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसले, आणि गरोदरपणी लोहाच्या गोळ्या किमान १८० दिवस घेतलेल्या माता होत्या अवघ्या २६ टक्के. या दोन आकड्यांमध्येच तुझ्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे.

तेव्हा गृहभेटीत "गोळी घेतेस ना?" असे कधीही विचारू नकोस, त्याला सगळ्याच जणी हो म्हणतात. पाकीट दाखवायला सांग, आणि गोळी केव्हा व कशाबरोबर घेतली जाते ते विचार. मग खरी कारणे बाहेर येतात: मळमळते, पोट साफ होत नाही, शौचाला काळे होते म्हणून भीती वाटली, किंवा गोळ्यांनी मूल काळे निपजते असे घरातल्या मोठ्यांनी सांगितले. शौच काळे होते ते न शोषलेल्या लोहामुळे, त्यात अपाय काही नाही. मुलाच्या रंगाशी तर गोळीचा काडीचाही संबंध नाही. मळमळ होणारीने गोळी रात्रीच्या जेवणानंतर झोपताना घ्यावी. बद्धकोष्ठासाठी पाणी आणि पालेभाजी वाढवावी, गोळी बंद करू नये.

चौथ्या महिन्यापासून रोज एक घ्यायच्या त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड असते. ती चहाबरोबर घेतली तर चहातील टॅनिन लोह अडवते, म्हणून गोळीच्या आणि जेवणाच्या आगेमागे तासभर तरी चहा नको. आपल्याकडे हे पाळून घेणे सर्वांत अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. कॅल्शियमची गोळीही लोहाच्या शोषणात आड येते. ती ५०० मिलिग्रॅमची असते व दिवसातून दोनदा घ्यायची असते. सकाळच्या खाण्यानंतर एक, दुपारच्या जेवणानंतर एक आणि लोहाची रात्री, एवढी घडी बसवून दिलीस की गोंधळ उरत नाही. जंताची गोळी मात्र पहिल्या तीन महिन्यांत द्यायची नसते, त्यानंतर ती सिस्टरांच्या देखरेखीखाली द्यावी.

फोलिक अ‍ॅसिडचा इतिहास आपल्या मुंबईतला आहे, म्हणून थोडे विषयांतर करते. १९२८ च्या सुमारास ल्यूसी विल्स नावाची इंग्रज संशोधक येथे आली आणि गरोदर गिरणी कामगार स्त्रियांना होणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचा अभ्यास तिने केला. यीस्टच्या स्वस्त अर्काने, म्हणजे मार्माइटने, हा रक्तक्षय बरा होतो असे तिला दिसले. त्यातला गुणकारी घटक म्हणजेच फोलेट, हे पुढे सिद्ध झाले; गोळीतले फोलिक अ‍ॅसिड हे त्याचेच रूप. बाळाच्या मेंदूचा आणि पाठीच्या कण्याचा पाया ज्या नलिकेतून घडतो ती नीट मिटायला फोलिक अ‍ॅसिड लागते. ती गर्भधारणेनंतर साधारण चार आठवड्यांत मिटते, आणि तोवर पुष्कळ जणींना दिवस राहिल्याचा पत्ताही नसतो. म्हणून मूल हवे असलेल्या नवविवाहितेला रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड किमान एक महिना आधीपासून सुरू करायला सांग आणि ते पहिले तीन महिने चालू ठेवायला लाव. पाळी चुकल्यावर नाव नोंदवायला येईपर्यंत थांबले, तर हा काळ हातचा निसटतो.

आता आहार. "दोन जिवांचे खा" हा सल्ला मला पटत नाही. गरोदरपणात रोज सुमारे ३५० कॅलरी अधिक लागतात, म्हणजे साधारण एक भाकरी आणि मूठभर शेंगदाणे. पण मूल मोठे होऊन बाळंतपण अडेल या भीतीने तेवढेही मिळत नाही अशी घरे तुला भेटतील, आणि सून सर्वांत शेवटी जेवायला बसते तेथे आमटीतली डाळ आधीच संपलेली असते. म्हणून तुझे अर्धे बोलणे सासूबाईंशी व्हायला हवे, आणि तेही मानाने. बीट आणि गुळाची कीर्ती त्यांच्यातील लोहापेक्षा मोठी आहे. त्यापेक्षा मटकी, चवळी, राजगिऱ्याची किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी असे जे परवडेल ते सांग, आणि ताटात लिंबाची फोड असू दे, कारण क जीवनसत्त्वामुळे या पदार्थांतले लोह अधिक शोषले जाते. कॅल्शियमसाठी नाचणीसारखे धान्य नाही. ब-१२ जीवनसत्त्व मात्र वनस्पतींतून मिळत नाही. अंडी-मासे न खाणारीला दूध-दही रोज हवे, आणि तेही जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून गोळी. कलेजी शक्तीची म्हणून रोज खाऊ घालणारे लोक आहेत. तिच्यात अ जीवनसत्त्व इतके असते की गरोदरपणी ते गर्भाला बाधू शकते, म्हणून ती टाळलेली बरी.

कोणी चोरून माती किंवा पाटीवरची पेन्सिल खाताना आढळली, तर तिला रागावू नकोस, ते लोह कमी असल्याचे लक्षण असू शकते, म्हणून तिचे रक्त तपासून घे. गरोदर स्त्रीचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की रक्तक्षय समजावा. ७ च्या खाली असेल तर गोळ्यांवर विसंबू नकोस, तिला त्याच दिवशी रुग्णालयात घेऊन जा. बाळंतपणानंतर घरोघरी डिंकाचे आणि अळिवाचे लाडू होतात, पण लाल गोळी बंद पडते. ती पुढेही १८० दिवस घ्यायची असते, तेव्हा त्या घरी तुझ्या फेऱ्या चालू राहू देत.

तुझी,
ताई