वाचकांचे प्रश्न : मानेतले चार स्क्रू

प्रश्न : आई 62 वर्षांची आहे, रूमॅटॉइड संधिवात जुना. हल्ली मान खाली घातली की हातापायांत करंट गेल्यासारखं होतं, ब्लाउजचे हूक लागत नाहीत. मानेचा पहिला मणका दुसऱ्यावरून सरकतोय, चार स्क्रू आणि दोन रॉड घालावे लागतील, असं डॉक्टर म्हणतात. एवढ्या नाजूक जागी हे स्क्रू बसतात तरी कुठे? (वाचक, सातारा)

उत्तर : आधी हुकांबद्दल. बोटांची बारीक कामं अडणं हे मज्जारज्जू दाबला जात असल्याचं लक्षण आहे. निर्णय लांबवू नका.

पहिला मणका म्हणजे एक कडं. दुसऱ्या मणक्याचा खुंटा त्यात उभा असतो आणि त्याला मागून एक आडवा पट्टा धरून ठेवतो. संधिवातात हा पट्टा सैल पडतो. मोठ्या माणसात कडं आणि खुंटा यांत 3 मिलिमीटरपर्यंत फट चालते. पण खरं पाहायचं ते खुंट्याच्या मागे मज्जारज्जूला जागा किती उरली. ती 14 मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर धोका मोठा.

पूर्वी हे मणके तारेने बांधत. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. अतुल गोयल यांनी 1994मध्ये दोन्ही मणक्यांत स्क्रू घालून ते प्लेटने जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. जर्मनीतले सर्जन हार्म्स यांनी 2001मध्ये प्लेटऐवजी फिरत्या डोक्याचे स्क्रू आणि रॉड वापरले. आईंना सांगितलंय ते हेच.

स्क्रू साधारण 3.5 मिलिमीटर जाडीचे, टायटॅनियमचे. वरचे दोन कड्याच्या दोन्ही बाजूंच्या जाड भागात जातात. तिथे पोचण्याच्या वाटेवरच मानेच्या दुसऱ्या नसेची गाठ आणि शिरांचं जाळं असतं. जाळं दुखावलं तर भरपूर रक्त जातं. नस घासली जाऊ नये म्हणून वरच्या स्क्रूचा डोक्याकडचा भाग बिनआट्यांचा, गुळगुळीत असतो. तरीही डोक्याची मागची बाजू बधिर राहू शकते.

खालच्या दोन स्क्रूंना भीती मेंदूकडे जाणाऱ्या धमनीची. काहींमध्ये ती हाडात नेहमीपेक्षा वर चढलेली असते, मग तिथे लांब स्क्रू मावत नाही. आखूड घालतात किंवा मणक्याच्या मागच्या कमानीत घालतात. एका बाजूची धमनी दुखावलीच, तर दुसऱ्या बाजूला तो धोका पत्करायचा नाही, हा नियम आहे. म्हणून ऑपरेशनआधी सीटी अँजिओग्राफी (धमन्या दाखवणारा सीटी स्कॅन) झाली का आणि दोन्ही बाजूंच्या धमन्या कशा आहेत, हे आवर्जून विचारा.

धातू मणके धरून ठेवतो, पण फक्त हाड जुळेपर्यंत. म्हणून सांध्यातली कूर्चा खरवडून तिथे हाडाचे तुकडे भरतात, बहुधा कमरेच्या हाडातून काढलेले. हाड जुळलं नाही, तर रोजच्या हालचालीने स्क्रू सैल होतो किंवा रॉड तुटतो. स्टेरॉइड, ठिसूळ हाडं आणि तंबाखू ही त्याची नेहमीची कारणं. आई मिश्री लावत असतील तर आजच बंद करा. निकोटीन हिरड्यांतूनही रक्तात जातं. संधिवाताच्या कुठल्या गोळ्या कधी थांबवायच्या, हे मात्र संधिवाताच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

प्रश्न : ऑपरेशननंतर मान फिरेल का? स्क्रू पुढे काढावे लागतात का? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : मान डावी-उजवी फिरते त्यातला जवळपास निम्मा भाग पहिल्या-दुसऱ्या मणक्यांमधल्या याच सांध्याचा. तो जातो. गाडी मागे घेताना खांद्यासकट वळावं लागेल. होकाराची मान मात्र हलते, कारण ती हालचाल मुख्यतः कवटी आणि पहिल्या मणक्यामधली. त्रास नसेल तर स्क्रू काढत नाहीत. एमआरआय सहसा करता येतो, स्क्रूंभोवतीचं चित्र तेवढं पुसट येतं. इम्प्लांटचं स्टिकर लावलेला कागद जपून ठेवा, एमआरआयवाले तोच मागतात.

प्रश्न : मला रूमॅटॉइड संधिवात आहे. गुडघा बदलायचाय, तर मानेचा एक्स-रे कशाला? (वाचक, नाशिक)

उत्तर : भूल देताना श्वासनलिकेत नळी घालायला मान मागे वाकवतात. वरचा मणका सैल असेल तर त्याच क्षणी मज्जारज्जूला इजा होऊ शकते, आणि मान दुखत नसतानाही तो सैल असू शकतो. एक्स-रे मान पुढे वाकवून आणि मागे नेऊन असा दोन्ही स्थितींत हवा. सरळ मानेच्या फोटोत सरकणं लपतं. मान स्वतःच्या ताकदीने, जमेल तेवढीच वाकवा, कुणाला दाबू देऊ नका. सैलपणा दिसला तर भूलतज्ज्ञ मान न हलवता दुर्बिणीने नळी घालतात किंवा कमरेतून भूल देतात.