कॅरॅमल सफरचंद करताय? आधी मेण उतरवा

ताई, पहिल्या खेपेला बहुतेकदा फळामुळेच फसतं. सफरचंदावरचं मेण राहिलं तर कॅरॅमल घसरून खाली डबकं साचतं. उकळत्या पाण्यात 5 सेकंद बुडवा, फडक्यानं चोळून पूर्ण कोरडं करा. फ्रिजमधलं गार फळ नकोच, त्याला घाम सुटतो. छोटी, घट्ट, आंबटसर 6 सफरचंदं घेऊन देठाच्या जागी काड्या खोचा.

जाड बुडाच्या भांड्यात 200 ग्रॅम साखर, 200 मिली क्रीम, 50 ग्रॅम बटर आणि 100 ग्रॅम लिक्विड ग्लुकोज. ग्लुकोज वगळू नका, त्यामुळेच साखर दाणेदार होत नाही. मध्यम आचेवर ढवळत 118 अंश सेल्सियसपर्यंत शिजवा. थर्मामीटर नसेल तर गार पाण्यात थेंब टाका. घट्ट, तरी बोटानं दबणारी गोळी व्हायला हवी. कमी शिजलं तर ओघळतं, जास्त झालं तर चाववत नाही.

बुडबुडे बसले की फळ बुडवा, जादा निथळू द्या आणि लगेच पिस्ता-शेंगदाण्याचा भरड चुरा लावा (इंदूरच्या सियागंज बाजारात सगळं मिळतं). मुलांना सजावटच द्या, गरम कॅरॅमल फार भाजतं. तयार फळं तूप लावलेल्या बटर पेपरवर ठेवा. काडीच्या भोकातून रस झिरपतो आणि तिथे जंतू वाढू शकतात, म्हणून बाहेर न ठेवता फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा.