मॉरिशसचे डोंगर आणि सह्याद्री : नाते आहे, पण कोणते?

मॉरिशसचे डोंगर सह्याद्रीचाच तुटलेला भाग आहेत का, आणि ते सलग रांगेत न दिसता सुटे-सुटे का दिसतात, असे दोन प्रश्न आपण विचारले आहेत. पहिल्याचे उत्तर नाही असे आहे. मात्र दोघांचा उगम एकच मानला जातो. आज मॉरिशसशेजारच्या रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्त स्रोतावरून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून वितळलेला खडक वर येणाऱ्या जागेवरून, भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत असताना, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा बाहेर पडला आणि त्याच वाटेवर पुढे लक्षद्वीप, मालदीव, चागोस या बेटांचा पाया घडला. मॉरिशस त्या मानाने फारच अलीकडचे, म्हणजे जेमतेम 80-90 लाख वर्षांचे आहे. काळा बेसॉल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा खडक, पाहून कोकणातल्या माणसाला तिथे ओळखीचे वाटते ते उगाच नाही, पण तो खडक सह्याद्रीतून तुटून गेलेला नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला अधिक मोलाचे वाटते. मोका, ब्लॅक रिव्हर आणि ग्रँड पोर्टकडचे डोंगर हे एकाच प्राचीन, विशाल ज्वालामुखीचे झिजून उरलेले कडे आहेत. त्यांतले लाव्ह्याचे थर बेटाच्या मध्यापासून समुद्राकडे उतरते झालेले दिसतात. 1836 मध्ये येथे आलेल्या चार्ल्स डार्विन यांनीही याची नोंद केली होती. मधला भाग नंतरच्या लाव्ह्याने भरून निघाला आणि क्युरपीपचे पठार तयार झाले. याच नव्या लाव्ह्याचे दगड वेचून उसाची शेते मोकळी करावी लागली. त्यांचे काळे ढीग आजही शेतांच्या मधोमध उभे आहेत. हे दगड वेचणाऱ्या गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेल्या, मजुरांत रत्नागिरीकडची मराठी माणसेही होती, हे आपल्याकडे फार कमी सांगितले जाते.

उंची पाहिली तर सर्वांत उंच शिखर, ब्लॅक रिव्हरचे, 828 मीटरचे, म्हणजे कळसूबाईच्या जवळपास निम्मे. तरीही पाऊस हेच डोंगर आणि पठार ठरवतात. आग्नेयेकडून वर्षभर येणारे व्यापारी वारे पठारावर चढताना थंड होतात, त्यामुळे तिथल्या सर्वांत ओल्या भागात वर्षाला सुमारे 4000 मिलिमीटर पाऊस पडतो, तर आडोशाच्या पश्चिम किनाऱ्यावर 1000 मिलिमीटरही पडत नाही. आपल्याकडे घाट ओलांडला की पाऊस पूर्वेला आटतो. तिथे तो पश्चिमेला आटतो.

हे सारे एका नजरेत पाहायचे असेल, तर मोकाच्या बाजूने सुमारे 810 मीटर उंचीच्या ल पूसवर चढावे. एकीकडे पोर्ट लुईसचे बंदर, दुसरीकडे पठार आणि जवळच, माथ्यावर प्रचंड शिळा तोललेला पीटर बोथ हा डोंगर दिसतो. चढाईसाठी मे ते नोव्हेंबर हे कोरडे महिने निवडावेत, कारण ओल्या बेसॉल्टवर पाय फार सहज घसरतो.